प्रिझमचे चाळीस गुण

७ जानेवारी

डायरी लिहायची मला हौस नाही. पण फ्रेमच्या कंपनीने दरवर्षीसारखी ही फुकट पाठवली आहे आणि कागद चांगला आहे. मामा असते तर त्यांनी ती कोणाला हात लावू दिली नसती. ते गेल्या महिन्यात गेले आणि डायरीसकट सगळं दुकान माझ्या अंगावर पडलं.

दुकान चष्म्यांचं. पुढे काउंटर आणि फ्रेमची कपाटं, मागच्या खोलीत भिंगं घासायचं मशीन, वर राहायच्या खोल्या. तिथे मामी आणि मी. पुढचं सगळं मला येतं. गोल चेहऱ्याच्या बाईला चौकोनी फ्रेम का शोभते, हे मी तिच्या नवऱ्यालाही पटवू शकतो. मागचं मात्र मामाच बघायचे आणि परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही त्यांचंच. नियम असा आहे की प्रमाणपत्रवाला माणूस एकतर मालक हवा, नाहीतर मालकाच्या घरातला. पगारी ठेवलेला चालत नाही. तपासनीस काल येऊन बजावून गेला, महिनाअखेरपर्यंत घरातलं कोणीतरी दाखवा, नाहीतर शटर ओढा.

मामी म्हणाल्या, "मग घरात आण की कोणाला तरी." त्यांना ते भाजी आणण्याइतकं सोपं वाटतं.

१९ जानेवारी

मामींनीच शोधून काढली. चौकातल्या मोठ्या दुकानात मशीनवर काम करते. परीक्षा पहिल्या फटक्यात पास. वय एकोणचाळीस, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी लहान. राहते भावाकडे, आणि भाऊ दर रविवारी एक विधुर चहाला बोलावतो.

ती आज दुकानात आली ती माझ्याकडे न बघता थेट मशीनकडे गेली. टेबल हलवून पाहिलं.

"हे डुगडुगतं."

"एक पाय आखूड आहे. करून देतो," मी म्हटलं.

"बरं. अटी सांगा."

अटी ठरल्या. लग्न कचेरीत. तिला वर वेगळी खोली, आणि खाली मागच्या खोलीत शब्द तिचा. मी परीक्षेला बसायचं आणि पास झालो की दोघं मोकळे, कुरकुर नाही. साक्षीला मामी. परीक्षा कधी देणार असं तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, जूनमध्ये काढून टाकतो.

"उत्तम," ती म्हणाली. "मला रविवारच्या चहापासून सुटका हवी आहे. नवरा नकोय."

इतका स्वच्छ व्यवहार मी फ्रेमच्या कंपनीशीही कधी केलेला नाही.

२८ जानेवारी

लग्न झालं. कचेरीतला पंखा बंद होता. परत येऊन दुपारी दुकान उघडलं. तपासनीसाने आधी कागद पाहिला, मग तिला, मग मला. "बरोबर वेळेवर प्रेम जमलं तुमचं," म्हणाला. मी म्हटलं, हो.

या डायरीत मी तिचा उल्लेख 'परवाना' असा करीन. वस्तुस्थिती तीच आहे.

१० फेब्रुवारी

परवाना सकाळी लवकर उठते. मशीन चालवताना गुणगुणते, पण भिंग तडकलं की थांबते, आणि अशा वेळी तिच्याशी बोलू नये. चहात अर्धा चमचा साखर घालते आणि ढवळत नाही, गोड घोट शेवटाला राखून ठेवते. मला 'मालक' म्हणते. त्यात आदर किती आणि टवाळी किती हे मला अजून कळलेलं नाही.

टेबलाची आठवण करून दिली. करतो म्हटलं.

२ मार्च

अपमान झाला. एका गिऱ्हाइकाची पावती वाचताना मी कागद लांब धरला, तो तिने मागून पाहिला. गिऱ्हाईक जाताच मला खुर्चीत बसवून डोळे तपासले. मी घालतो तो नंबर मामांनी काढून दिलेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"चष्म्याच्या दुकानात बसता, मालक. लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

मी म्हटलं, मला सगळं स्वच्छ दिसतं. तिने समोरच्या इमारतीतल्या खिडकीत काय आहे ते विचारलं. उशी, मी म्हटलं. ते मांजर निघालं.

५ मार्च

नवा चष्मा आला. शोकेसच्या वरच्या कप्प्यात धूळ आहे. त्या मांजराचा एक कान फाटका आहे. परवान्याच्या डाव्या भुवईत एक बारीक व्रण आहे, आणि हसताना तिचा उजवा गाल आधी हलतो, मग डावा. नोंद म्हणून लिहून ठेवतो. चष्म्याचं काम चांगलं झालं आहे.

१८ जुलै

जूनच्या परीक्षेचा निकाल लागला. नापास. पन्नास हवे होते, अठ्ठावीस मिळाले.

दोष प्रिझमचा. प्रिझम म्हणजे एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ अशी काच. तिरळ्या डोळ्यांच्या चष्म्यात बसवतात. तिच्यातून पाहिलं की समोरची वस्तू जागची सरकल्यासारखी दिसते. कोणत्या कडेकडे सरकते आणि मग कोणत्या डोळ्याला काच कशी लावायची, एवढ्यावर परीक्षेत चाळीस गुण आहेत. पुस्तकातलं ते प्रकरण उघडलं की मला झोप येते, म्हणून पेपरात तो भाग कोरा सोडला होता.

परवाना चिडेल अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "डिसेंबर आहे की." आणि मशीन चालू केलं. आज गुणगुणणं काउंटरपर्यंत ऐकू येत होतं. माझ्या अपयशाचा तिला एवढा आनंद व्हावा हे मनाला लागलं.

९ ऑगस्ट

तिला ताप आहे. दुकान बंद ठेवलं. मामा गेले त्या दिवशीही ते अर्धा दिवस उघडं होतं. पण प्रमाणपत्रवाला माणूस आजारी असताना दुकान चालवणं नियमात बसतं की नाही, याबद्दल मला शंका होती.

"मग तपासनीसाला विचार जा," मामी म्हणाल्या.

मी गेलो नाही, कारण कपाळावरच्या पट्ट्या बदलायला कोणीतरी हवं होतं. मामींचे गुडघे दुखतात. तरी त्या सारख्या दारातून डोकावून जात होत्या, आणि दर वेळी त्यांना काहीतरी विनोदी दिसत होतं.

दुपारी ताप वाढला तेव्हा मला भीती वाटली. खरी भीती. दुकानाचा विचार मनात आला नाही हे मागाहून लक्षात आलं, घाईत राहून गेला असेल. ती डोळे न उघडता म्हणाली, "टेबल डुगडुगतंय." मी म्हटलं, करतो.

३ सप्टेंबर

तपासनीस अचानक आला. चौकातल्या दुकानाने तक्रार केली होती की आमचं लग्न नुसतं कागदावरचं आहे. ती मागे मशीनवर होती. त्याने मला काउंटरपाशीच बसवलं आणि म्हणाला, "बायकोबद्दल काहीतरी सांगा. नवऱ्याला माहीत असेल असं."

दोन-तीन गोष्टी सांगून सुटावं असं ठरवलं. साखरेचं सांगितलं. भिंग उजेडात धरून बघताना ती एक डोळा मिटते आणि ओठ दाबते ते सांगितलं. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचते, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडते, भुवईवरचा व्रण आठ वर्षांची असताना सायकलवरून पडून झालेला आहे, आणि ती सायकल चालवत होता तो भाऊ अजूनही म्हणतो की चूक हिचीच. पाय दुखले तर सांगत नाही, फक्त चप्पल काढून फरशीवर उभी राहते. गिऱ्हाइकाचं मूल पहिल्यांदा चष्मा लावून आईकडे बघतं तेव्हा काहीतरी काम काढून पुढे येते, आणि काम विसरून परत जाते. असं बरंच काही.

तपासनीसाने पेन खाली ठेवलं होतं. "पुरे," म्हणाला. "माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. मला यातलं अर्धंही सांगता आलं नसतं." तक्रार त्याने निकालात काढली.

इतकं बेमालूम खोटं मला बोलता येतं हे माहीत नव्हतं. तो गेल्यावर लक्षात आलं की मागचं मशीन केव्हाच थांबलेलं आहे. विचारलं तर म्हणाली, पट्टा सरकला होता. डोळे लाल दिसले. काचेची भुकटी उडते, चष्मा घालून काम करा, असं मी बजावलं.

१२ ऑक्टोबर

दुसऱ्या गावातल्या डोळ्यांच्या इस्पितळातून तिला फोन आला. भिंगांच्या विभागाची प्रमुख, शिवाय राहायला फ्लॅट. ती फोनवर म्हणाली, "मालकांची डिसेंबरात परीक्षा आहे. ते पास झाले की येते."

मी अभिनंदन केलं.

"तुम्हाला बरं वाटलं ना?" तिने विचारलं.

"का नाही वाटणार? ठरल्याप्रमाणेच आहे."

"हो. ठरल्याप्रमाणेच आहे."

जेवण दोघांनीही पानात टाकलं. मामी विचारत होत्या, मीठ जास्त पडलं का.

२० ऑक्टोबर

"या खेपेला प्रिझम मी शिकवते," ती आज म्हणाली. दुकान बंद झालं की रोज मागच्या खोलीत. पुस्तक तिने कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पुस्तकाने माझा गोंधळ होतो म्हणे, ती सांगते तेवढंच पाठ करायचं. एकदा प्रिझममधून बघून घ्यावं म्हणून तपासणीची पेटी उघडली, तर प्रिझमच्या खाचा रिकाम्या. साफ करायला काढली आहेत म्हणाली. हिच्यासारखी नीटनेटकी बाई मी पाहिली नाही.

तर, वस्तू जाड कडेकडे सरकते. डोळा आत वळत असेल तर जाड कड आत, नाकाकडे. बाहेर वळत असेल तर बाहेर, कानाकडे. जिकडे डोळा तिकडे जाड कड. इतकं सोपं करून कोणी सांगितलंच नव्हतं.

मी हे मोठ्याने घोकत होतो तेव्हा मामी आल्या. चष्मेवाल्याबरोबर त्यांनी सगळा संसार केला. दारात उभं राहून ऐकलं, परवान्याकडे पाहिलं, आणि एकदम तोंडावर हात दाबून निघून गेल्या. जिन्यात बराच वेळ हसत होत्या. वय झालं की असं होतं म्हणतात.

शिकवताना परवाना माझ्याकडे बघत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगते.

१६ नोव्हेंबर

तिने सूटकेस खाली काढून पुसून ठेवली आहे. येता-जाता ठेचकाळतो.

सगळ्या बाजूंनी विचार केला. ती गेली की मागचं काम मला करावं लागेल, आणि मी घासलेली भिंगं घालून माणसं एकमेकांवर आपटतील. शिवाय वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचावं लागेल. मला ती जायला नको आहे. हे वाक्य नुसतं लिहून पाहिलं. धंद्याच्या दृष्टीने ते खरं आहे. इतर दृष्टींनीही खरं असावं, पण त्यात शिरण्यात अर्थ नाही. तिने नवरा नकोय असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ती उगाच बोलत नाही.

मात्र मी नापास झालो तर ती जाणार नाही. शब्दाची पक्की आहे. जूनपर्यंत तरी राहील.

हे तिच्यावर अन्याय करणारं आहे, हे मला कळतं. इस्पितळवाले तिच्यासाठी थांबतीलच असं नाही. तरीही.

६ डिसेंबर

परीक्षा झाली. पहिल्या भागात मला येईल तेवढं लिहिलं, म्हणजे जूनइतकंच. मग प्रिझम. तिने शिकवलेलं शब्दन् शब्द पाठ होतं. ते एकेक करून नीट उलटं लिहिलं. वस्तू पातळ कडेकडे सरकते. डोळा आत, तर जाड कड बाहेर. डोळा बाहेर, तर आत. एकही उत्तर चुकून बरोबर जाऊ नये म्हणून दोनदा तपासलं. इतक्या काळजीने मी आयुष्यात पेपर लिहिलेला नाही.

फाटकाबाहेर ती चहाचा थर्मास घेऊन उभी होती.

"प्रिझम कसं गेलं?"

"तुम्ही शिकवलंत अगदी तसं लिहिलं," मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम सैल पडला, हायसं वाटल्यासारखा. जायची किती घाई झाली आहे ते दिसलंच. मग कसल्यातरी अपराधी नजरेने बघून म्हणाली, "चला, तुम्हाला मोजे घेऊन देते. तुमचे फाटलेत." निरोपाची भेट असणार.

घरी येऊन पाहिलं तर प्रिझमं साफ होऊन पेटीत परत आली होती.

२७ डिसेंबर

पास झालो. अडुसष्ट गुण. प्रिझममध्ये चाळीसपैकी चाळीस, आणि प्रमाणपत्रावर शेरा की या विषयात उमेदवाराची समज असाधारण आहे.

तिने ते हातात घेऊन वाचलं. "चाळीस?"

"चाळीस."

"प्रिझममध्ये?"

"हो."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "अभिनंदन, मालक." आणि मागे गेली. मशीन सुरू झालं. मी डोकावून पाहिलं. त्यात भिंग नव्हतं, ती रिकामंच चालवत होती.

मी तर सगळं उलटं लिहिलं होतं. शेवटी पेटीतून प्रिझम काढलं आणि डोळ्यापुढे धरलं. भिंतीवरचं कॅलेंडर पातळ कडेकडे सरकलं. उलटं धरलं. पुन्हा पातळ कडेकडेच. म्हणजे ती चुकली होती. पूर्ण चाळीस गुणांचं प्रकरण तिला उलटं येतं. आता एवढ्या मोठ्या इस्पितळात जाऊन ती काय करणार? तिथे तिची फजिती होईल, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मामींना गाठून सल्ला विचारला, तिला दुखावल्याशिवाय हे सांगायचं कसं.

मामींनी मलाच विचारलं, "वर्षभरात तिरळ्या पोरांचे किती चष्मे केले तिने. एक तरी परत आला?"

"नाही आला."

"तुझ्या मामांनी दुकान दिलं तुला, अक्कल द्यायची तेवढी राहिली," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. म्हातारपणी माणूस तुसडं होतं.

२८ डिसेंबर

सकाळी मागच्या खोलीत गेलो. ती सूटकेसमध्ये ॲप्रन घालत होती.

"एक सांगायचं होतं. मनाला लावून घेऊ नका. चूक कोणाचीही होते. प्रिझम तुम्ही मला उलटं शिकवलंत."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे म्हणजे?"

"मला प्रिझम येतं, मालक." ॲप्रनची घडी तिने मोडली, पुन्हा घातली. "मी तसंच शिकवलं. मुद्दाम. तुम्ही कधी तपासून बघणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त वाईट वाटत होतं. पण तुम्ही म्हणालात, शिकवलं तसंच लिहिलं. मग चाळीस कुठून आले?"

या बाईला वर्षभर मी हुशार समजत होतो आणि ती माझ्याइतकीच मूर्ख निघाली होती, हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

"मी उलटं लिहिलं," मी म्हटलं. "सगळं."

"का?"

"म्हणजे, धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर..."

"मालक."

"तू जाऊ नयेस म्हणून."

वर्षभरात मी तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. शब्द निघून गेला होता, परत घेता येण्यासारखा नव्हता, आणि मला तो परत नकोही होता. मी म्हटलं, तू जाऊ नकोस, मला तुझ्याशिवाय इथे करमणार नाही, दुकानाचं काय व्हायचं ते होऊ दे.

"आणि मी कशासाठी उलटं शिकवत होते, ते कळतंय का तुला?" ती म्हणाली. तिचा उजवा गाल आधी हलला. मग ती रडायला लागली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मी काय करावं ते न कळून तिचा हात धरला. तो काचेच्या भुकटीने खरखरीत होता.

जिन्यातून मामींचा आवाज आला, "झालं का तुमचं? कोणीतरी चहा टाका."

३१ डिसेंबर

तिने इस्पितळाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, मालकांना प्रिझममध्ये चाळीस पडले, त्यांना सोडवत नाही.

या डायरीत मी तिला परवाना म्हणत आलो आहे, ते दुरुस्त करतो. परवाना आता माझ्याकडे आहे, त्यासाठी ती लागत नाही. ती मला लागते. बायको.

तपासनीस येऊन गेला. भिंतीवर एक प्रमाणपत्र पुरतं, म्हणाला, कोणाचं लावणार? तिचं आधीच लावलेलं आहे आणि काढायचं कारण नाही. माझ्या प्रमाणपत्राचा कागद मात्र जाडजूड आहे. तपासनीस गेल्यावर मी त्या कागदाच्या घड्या घातल्या आणि मागच्या खोलीत जाऊन टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. अगदी मापात बसला.

तिने दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं. हललं नाही.

"जमलं की," ती म्हणाली. "वर्ष लावलंस."